अंधार पडला म्हणून मत टळलं: आर्गिन्युसीच्या सेनापतींचं प्रकरण

ग्रीक लोकशाहीतल्या 'डेमॅगॉग'चा, म्हणजे लोकांना भडकवून मागे ओढणाऱ्या पुढाऱ्याचा, विषय निघाला की बोलणं क्लीऑनवर येऊन थांबतं. चामड्याच्या धंद्यातून वर आलेला, सभेत कर्कश्श ओरडणारा पुढारी. उदाहरण सोपं आहे, म्हणूनच ते टाळतोय. इथे घेतलेल्या प्रकरणात लोकांना भडकवणारा शोधायला गेलं तर चार-पाच नावं हाताला लागतात आणि त्यातलं वजनदार नाव नेमकं आरडाओरडा करणाऱ्याचं नाही.

इ.स.पू. ४०६ मध्ये अथेन्सनं स्पार्टाविरुद्ध समुद्रावर मोठा विजय मिळवला आणि त्याच वर्षी, तो मिळवून देणाऱ्या सहा सेनापतींना देहांत शासन दिलं. एका ठरावानं, एकाच मतदानात.

आपली माहिती मुख्यतः दोन इतिहासकारांकडून आलेली. एक झेनोफोन, त्याच काळातला अथेन्सचा माणूस. दुसरा डायोडोरस, जवळजवळ चार शतकांनंतर लिहिणारा. एका पत्राच्या बाबतीत दोघांचं अजिबात पटत नाही. प्रकरणाची किल्ली मला तिथेच दिसते.

पार्श्वभूमी

अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनीशियन युद्धाचं हे पंचविसावं-सव्विसावं वर्ष. सिसिलीत आरमार बुडून सात वर्षं झाली होती. स्पार्टाला आता इराणी पैसा मिळत होता. अथेन्सचा सेनापती कोनोन लेस्बॉस बेटावरच्या मितिलीनी बंदरात कोंडला गेला होता: ३० जहाजं गमावलेली, उरलेली ४० किनाऱ्यावर ओढून घेतलेली, बाहेर स्पार्टाचा कॅलिक्रॅटिडस नाक दाबून बसलेला. कोनोननं निवडक वल्हेकरी घेऊन दोन जलद जहाजं भर दुपारी बाहेर काढली. एक पकडलं गेलं. दुसरं निसटलं आणि त्यानं अथेन्सला खबर दिली.

मग शहरानं जे केलं ते थक्क करणारं आहे. ११० जहाजं पाठवायचं ठरलं आणि तीस दिवसांत ती माणसांसकट तयार झाली. वल्ह्यांवर गुलाम बसले, स्वतंत्र नागरिक बसले, एरवी घोड्यावरून न उतरणारे श्रीमंतही बसले. गुलामांना स्वातंत्र्याचं वचन होतं. वाटेत सामोसची १० आणि इतर मित्रांची तीसहून अधिक जहाजं मिळाली. एकूण आकडा दीडशेच्या वर गेला.

आर्गिन्युसी ही लेस्बॉससमोरची, आशियाच्या किनाऱ्यालगतची बेटं. तिथे लढाई झाली. कॅलिक्रॅटिडस पडला. स्पार्टाच्या स्वतःच्या दहापैकी नऊ नौका गेल्या, मित्रांच्या साठहून अधिक. अथेन्सची २५ जहाजं गेली. एका युद्धनौकेवर साधारण २०० माणसं असत, म्हणजे २५ जहाजांवर पाच हजारांच्या आसपास. त्यातली थोडीच किनाऱ्याला लागली.

ताफ्यावर आठ सेनापती होते. वरिष्ठ असा कोणी नाही, सगळे सारख्या अधिकाराचे. त्यातलं एक नाव ओळखीचं: पेरिक्लीस. अथेन्सचा प्रसिद्ध पुढारी थोरला पेरिक्लीस याचा, मिलेटस शहरातून आलेल्या अस्पेशियापासून झालेला मुलगा. आई-वडील दोन्ही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, असा कायदा बापानंच इ.स.पू. ४५१ मध्ये करून घेतला होता. त्यानुसार हा मुलगा नागरिक ठरत नव्हता. पुढे प्लेगमध्ये थोरली दोन्ही मुलं गेली, तेव्हा लोकसभेनं, म्हणजे नागरिकांच्या खुल्या सभेनं, खास ठराव करून या धाकट्याला नागरिकत्व दिलं. लोकसभा नियम वाकवते तेव्हा काय देते हे या घरानं पाहिलं होतं. काय घेते, हे पाहायचं होतं.

अडचण

लढाई संपली तेव्हा समुद्रावर फुटक्या सांगाड्यांना धरून माणसं तरंगत होती. त्यांच्यामध्ये प्रेतंही होती. त्याच वेळी मितिलीनीसमोर स्पार्टाची ५० जहाजं शाबूत होती आणि कोनोन अजून आत अडकलेला होता. दोन्ही कामं तातडीची.

प्रेतांचा मुद्दा आपल्याला दुय्यम वाटू शकतो. ग्रीकांना तो तसा नव्हता. मेलेल्याला माती न मिळणं हा घरावरचा डाग, देवांविरुद्धचा अपराध आणि शहराची नाचक्की, तिन्ही एकदम. जिवंत माणसं बुडू दिली हा आरोप तर वेगळाच.

समोरचे पर्याय

किनाऱ्यावर सेनापतींची बैठक झाली. डायोमेडॉन म्हणाला, सगळ्यांनी रांग धरून जावं आणि बुडणाऱ्यांना उचलावं. एरासिनिडीस म्हणाला, सगळ्यांनी तडक मितिलीनी गाठावी. थ्रासिलसनं मधला मार्ग काढला: थोडी जहाजं इथे ठेवू, बाकीची तिकडे नेऊ. हेच ठरलं. आठ सेनापतींनी आपापल्या तुकडीतून तीन-तीन द्यायची, शिवाय तुकडीनायकांची १०, सामोसची १० आणि नौदल अधिकाऱ्यांची ३. बेरीज ४७.

ही ४७ जहाजं थेरामेनिस आणि थ्रासिब्युलस यांच्या हवाली झाली. दोघंही पूर्वी सेनापती राहिलेले, या खेपेला फक्त आपापल्या जहाजाचे कप्तान. निवड चुकीची म्हणता येत नाही. असल्या कामाला अनुभवी माणसंच लागतात. मग वादळ उठलं. ४७ गेली नाहीत आणि मितिलीनीला जायची जहाजंही हलली नाहीत.

तिकडे मितिलीनीत स्पार्टाचा एतिओनिकस नाटक वठवत होता. पराभवाची खबर घेऊन आलेल्या होडीला त्यानं गुपचूप परत बाहेर पाठवलं आणि माळा घालून, विजयाच्या आरोळ्या देत पुन्हा आत यायला सांगितलं. स्वतः आनंदाचा यज्ञ केला आणि त्या आडून ताफा खिऑस बेटाकडे पळवला. म्हणजे अथेन्सचा बाकीचा ताफा ज्याच्यासाठी राखून ठेवला होता, तो शत्रू निसटलाच. हे आज कळतं. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांना कळायचा मार्ग नव्हता, म्हणून थ्रासिलसच्या सल्ल्याला मी चूक म्हणणार नाही.

पत्र

खरी गाठ बसली ती अथेन्सला अहवाल पाठवताना. माणसं का उचलली नाहीत, हे लिहायचं होतं. झेनोफोनच्या म्हणण्याप्रमाणे बहुतेक सेनापतींच्या मनात होतं की स्पष्ट कळवावं: काम थेरामेनिस आणि थ्रासिब्युलसला नेमून दिलं होतं. पेरिक्लीस आणि डायोमेडॉन यांनी त्यांचं मन वळवलं. सहकाऱ्यांना कशाला अडकवायचं? पत्रात फक्त वादळ लिहिलं गेलं.

डायोडोरस याच्या अगदी उलट सांगतो: सेनापतींनी थेरामेनिसवर ठपका ठेवणारं पत्र पाठवलं, म्हणून तो उलटला. पुढे दोन वर्षांनी खुद्द थेरामेनिसनं स्वतःच्या बचावात हाच सूर लावला. मी सुरुवात केली नाही, त्यांनीच आधी माझ्याकडे बोट दाखवलं, मी उत्तर दिलं, असा.

माझा कल झेनोफोनकडे आहे. कारण साधं: लोकसभेत थेरामेनिसनं सेनापतींचं पत्रच पुरावा म्हणून वाचायला आणलं, त्यात वादळाशिवाय दुसऱ्या कशाला दोष दिलेला नाही हे दाखवायला. त्याच्यावर ठपका ठेवणारं पत्र असतं, तर ते त्यानं कशाला मिरवलं असतं? पण कोणतंही खरं धरा, थेरामेनिसची अडचण तीच राहते. लोक चिडले होते. माणसं का बुडाली याचा जाब कोणीतरी देणार होतं. तो आपण द्यायचा की वरच्यांनी, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे होता, आणि वरच्यांनी कागदावर त्याचं नावच घेतलं नसेल, तर उत्तर त्याला आयतं मिळालं.

ऑफिसात वरिष्ठाला 'तांत्रिक कारणांमुळे विलंब झाला' असा मेल ज्यानं कधी सहकाऱ्याला सांभाळण्यासाठी लिहिला असेल, त्याला हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको.

काय घडलं

आधी लोकसभेनं कोनोन सोडून बाकी सेनापतींना पदावरून काढलं. आठांपैकी सहा परतले. आर्किडेमस हा तेव्हाचा लोकांचा पुढारी. गरीब नागरिकांना रोज दोन ओबोल (छोटी नाणी) वाटण्याचा निधी त्याच्या ताब्यात होता. त्यानं एरासिनिडीसवर हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीतून आलेला सरकारी पैसा दाबल्याचा खटला भरला आणि त्याला आत टाकलं. बुडालेल्यांशी याचा काडीचा संबंध नव्हता. पण सेनापतीला बेड्या घालता येतात हे सगळ्यांनी पाहिलं. मग लोकसभेपुढचे विषय तयार करणाऱ्या पाचशेंच्या परिषदेनं उरलेल्या पाचांनाही ताब्यात घेऊन लोकसभेपुढे पाठवलं.

पहिली सभा. थेरामेनिस आणि इतर काही जणांनी आरोप केले. सेनापतींना कायद्यानं मिळायला हवा तेवढा वेळ मिळाला नाही. थोडक्यात बोलावं लागलं. बोलले मात्र चांगलं. उचलण्याचं काम कुणाचं होतं ते आता त्यांनी सांगितलं, आणि पुढे म्हणाले: ते आमच्यावर आरोप करतात म्हणून आम्ही खोटं बोलून त्यांना दोषी म्हणणार नाही, वादळच तेवढं होतं. सुकाणूवाले आणि जहाजावरचे अनेक जण साक्षीला उभे केले. सभा वळली. कित्येक नागरिक उठून आम्ही जामीन राहतो म्हणू लागले.

तेव्हा उशीर झाला होता. हात वर करून मत द्यायचं, तर हात दिसायला हवेत. अंधारात ते मोजता येणार नाहीत म्हणून निर्णय पुढच्या सभेवर टाकला आणि खटला कसा चालवावा याचा प्रस्ताव आणायला परिषदेला सांगितलं. कागदोपत्री ही तहकुबी निर्दोष आहे. हवा सेनापतींच्या बाजूची असताना ती झाली, एवढंच.

मध्ये आपातुरिया आला. हा भावकीचा सण: फ्रेट्री, म्हणजे ढोबळमानानं आपली भावकी, एकत्र जमते, बापलोक नव्या मुलांची नावं भावकीत घालतात. तीन दिवस माणसं नातेवाइकांत बसलेली. त्या वर्षी प्रत्येक पंगतीत कोणाचा तरी मुलगा किंवा भाऊ नव्हता, आणि त्याचं प्रेतही नव्हतं. झेनोफोन सांगतो की थेरामेनिसच्या माणसांनी काळे कपडे घातलेली, केस बारीक कापलेली बरीच माणसं जमवून सभेत आणली, मृतांचे आप्त म्हणून. मला यातला 'जमवून' हा भाग थोडा खटकतो. हजारो माणसं बुडालेल्या शहरात सुतकातले लोक भाड्यानं आणायची गरज नव्हती. त्यांना सभेच्या दिवशी एकत्र पुढे बसवलं, तरी पुरे.

परिषदेत प्रस्ताव आणला कॅलिक्सिनसनं. प्रस्तावावर थेरामेनिसचं नाव नाही, पण झेनोफोनच्या म्हणण्याप्रमाणे कॅलिक्सिनसला यासाठी त्याच्याच माणसांनी तयार केलं होतं. प्रस्तावाचा मसुदा बघण्यासारखा आहे: आरोप आणि बचाव मागच्या सभेत ऐकून झालेत, तेव्हा आता सरळ मतदान घ्यावं. प्रत्येक जमातीसाठी (अथेन्सचे नागरिक अशा दहा गटांत विभागलेले होते) दोन घट ठेवावेत. सेनापती दोषी वाटतात त्यानं खडा पुढच्या घटात टाकावा, वाटत नाहीत त्यानं मागच्या. दोषी ठरले तर मृत्यू, मालमत्ता जप्त, तिचा दशांश अथीना देवीला. एकच मत, आठही जणांसाठी. ज्या सभेत त्यांना पुरतं बोलू दिलं नव्हतं, तीच सभा त्यांची सुनावणी म्हणून धरली.

दुसऱ्या सभेत एक जण उभा राहिला. म्हणाला, मी पिठाच्या पिंपावर तरंगत वाचलो. बुडणारे मला सांगत होते: वाचलास तर लोकांना सांग, देशासाठी सर्वांत शूर लढलेल्यांना सेनापतींनी उचललं नाही. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. पीठ, पिंप आणि समुद्रातून आलेला निरोप. यापुढे सुकाणूवाल्यांची वाऱ्याच्या दिशेवरची साक्ष टिकणार कशी?

युरिप्टोलेमस हा नागरिक आणि इतर काही जणांनी कॅलिक्सिनसवर 'बेकायदा प्रस्ताव' म्हणून हरकत घेतली. अथेन्सच्या लोकशाहीतला हा खास लगाम होता. अशी हरकत घेतली की ठराव थांबायचा आणि कोर्ट त्याचा निकाल लावायचं. काहींनी दाद दिली. बहुतेकांनी मात्र गलका केला की लोकांना हवं ते करू दिलं जात नाही हे भयंकर आहे. लिसिस्कसनं लगेच सूचना मांडली: हरकत मागे घेतली नाही, तर या लोकांचाही सेनापतींसोबतच्या मतदानातच निकाल लावा. हरकत मागे घेतली गेली.

आता सभेचं कामकाज चालवणारे ५० सभासद उरले. त्यांतल्या काहींनी कायद्याविरुद्धचा ठराव मताला टाकणार नाही म्हटलं. कॅलिक्सिनसनं त्यांच्यावरही तोच आरोप करायची धमकी दिली. सगळे नमले. एक नमला नाही: सोफ्रोनिस्कसचा मुलगा सॉक्रेटिस. कायद्याप्रमाणे असेल तेच करीन, म्हणाला. त्याच्यानं सभा थांबली नाही.

युरिप्टोलेमस पुन्हा बोलला. पेरिक्लीस माझा आप्त आहे, डायोमेडॉन मित्र, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. सेनापतींना सोडा असं त्यानं म्हटलं नाही. प्रत्येकाचा खटला वेगळा चालवा, एवढंच मागितलं: दिवसाचे तीन भाग करा, एक लोकांनी जमून मत देण्यासाठी, एक आरोपाला, एक बचावाला. वाटल्यास कॅनोनसच्या कडक कायद्याखाली चालवा, ज्यात दोषीला खड्ड्यात फेकण्याची शिक्षा आहे. कठोर शिक्षा मान्य, फक्त ऐकून घ्या. मोजणीत हाच प्रस्ताव पुढे गेला.

मग मेनेक्लीस नावाच्या माणसानं शपथेवर हरकत घेतली. पुन्हा मतदान झालं आणि परिषदेचा प्रस्ताव मंजूर झाला. या एका ओळीवर मी दरवेळी अडखळतो. काही वेळापूर्वी युरिप्टोलेमसची हरकत जिवाची भीती घालून मागे घ्यायला लावली होती. मेनेक्लीसची हरकत मात्र रीतसर मानली गेली. लगाम तोच, ओढणारा हात वेगळा.

निकाल

आठही दोषी ठरले. अथेन्सच्या हाती असलेल्या सहांना मारलं गेलं. डायोडोरस म्हणतो की शेवटी डायोमेडॉन लोकांपुढे आला आणि विजयासाठी देवांना बोललेले नवस आता तुम्ही फेडा एवढंच म्हणाला.

फार काळ गेला नाही तोच लोकांना पश्चात्ताप झाला. ज्यांनी आमची फसवणूक केली त्यांच्यावर खटले चालवा, असा ठराव झाला. कॅलिक्सिनस आणि आणखी चौघं जामीनदारांच्या ताब्यात गेले. पुढच्या धामधुमीत ते निसटले. कॅलिक्सिनस यादवी मिटवणाऱ्या इ.स.पू. ४०३ च्या समझोत्यानंतर परतला, पण सगळे त्याचा तिरस्कार करत आणि तो उपासमारीनं मेला. आम्हाला फसवलं, या वाक्यातला 'आम्हाला' तेवढा शाबूत राहिला. घटात खडे टाकणाऱ्यांवर खटला कोण चालवणार?

इ.स.पू. ४०५ मध्ये इगॉसपोटामी इथे अथेन्सचं जवळपास १८० जहाजांचं आरमार गेलं. ४०४ मध्ये शहर शरण आलं. ते सहा जण असते तर पराभव टळला असता असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतरच्या सेनापतींना एक धडा नक्की मिळाला होता: जिंकून परत गेलं तरी जीव वाचेल याची खात्री नाही.

थेरामेनिस पुढे, शरणागतीनंतर अथेन्सवर आलेल्या 'तीस जणांच्या' जुलमी राजवटीत सामील झाला आणि त्याच राजवटीनं त्याला विष पाजलं. या राजवटीनं हक्क दिलेल्या नागरिकांच्या यादीतल्या माणसांना खटल्याशिवाय मारता येत नाही असा नियम होता, म्हणून विष देण्याआधी राजवटीचा म्होरक्या क्रिटियासनं त्याचं नावच यादीतून खोडलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या सभेत, अंधार पडत असताना, निदान तात्पुरता जामीन मंजूर करून घेता आला असता. जामीनदार उभे होते, सभा अनुकूल होती. जामिनावरचा माणूस आपातुरियात आपल्या भावकीत बसू शकतो, बुडालेल्यांच्या बापांना तोंड दाखवू शकतो. कैदेतल्यांच्या वतीनं त्या तीन दिवसांत बोलायला कोणी नव्हतं.

युरिप्टोलेमसनं एकट्यादुकट्यानं हरकत न घेता पन्नास जणांनी घ्यायला हवी होती असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. लिसिस्कसची धमकी पन्नास जणांनाही पुरली असती. हरकत सभेत न घेता परिषदेतच, कॅलिक्सिनसचा मसुदा पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा घेतली असती, तर मात्र फरक पडला असता. तिथे पाचशे माणसं होती, लोकसभेतली हजारो नव्हती, आणि काळे कपडे घातलेली माणसं समोर बसली नव्हती.

सर्वांत आधी अर्थातच पत्र. ४७ जहाजं, दोन नावं, वादळ कधी सुरू झालं ती वेळ. आरोप नाही, नुसती नोंद. पेरिक्लीस आणि डायोमेडॉन यांनी भल्या हेतूनं जे गाळलं, ते नंतर सभेत तोंडी सांगावं लागलं आणि तेव्हा ते बचावासाठी रचलेलं वाटलं.

आणि आठांपैकी दोघांनी पत्रावरही भरवसा ठेवला नाही, सभेवरही नाही. पदावरून काढल्याची बातमी ताफ्यात पोचली तेव्हा बाकीचे सहा जण अथेन्सला निघाले. प्रोटोमाखस आणि अरिस्टोजेनिस निघालेच नाहीत.